यंत्राला सापडलं, पण जबाबदारी कुणाची?

कुठेतरी गाणं लागलेलं असतं, नाव काही आठवत नाही. तुम्ही फोन पुढे करता आणि काही सेकंदांत ॲप नाव सांगतं. ॲपला गाण्यातलं काही कळत नसतं. त्याच्याकडे लाखो गाण्यांचे ठसे असतात, ते फक्त ठशाशी ठसा जुळवतं. हीच युक्ती भूकंपाला लावली तर?

2015 साली क्लारा यून या स्टॅनफर्डमधल्या संशोधक मुलीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती लावून दाखवली. कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरस भ्रंशाजवळच्या एका भूकंपमापकाची सलग एका आठवड्याची नोंद त्यांनी घेतली. ‘फास्ट’ नावाच्या त्यांच्या पद्धतीनं ती दोन तासांच्या आत चाळली. अधिकृत यादीत त्या आठवड्यातले 24 भूकंप होते. त्यातले 21 सापडले, शिवाय यादीत नसलेले 68 छोटे धक्केही हाती लागले. तीन मात्र निसटले, आणि काही वेळा भूकंप नसतानाच ‘सापडला’ असं उत्तर आलं.

हातोडी आणि भिंग घेऊन डोंगर तुडवणारा भूवैज्ञानिक आपल्या डोळ्यांसमोर असतो. ‘मुलीला एकटीला फील्डवर कसं पाठवायचं?’ हा प्रश्नही त्या चित्रासोबतच येतो. आता पृथ्वीचा अभ्यास लॅपटॉपवरही होतो, त्यामुळे एक दार उघडलं हे खरंच. पण दुसऱ्यांनी आणलेल्या आकड्यांतून पृथ्वी वाचणारी बाई ही काही आजची गोष्ट नाही.

मेरी थार्प ही अमेरिकन भूवैज्ञानिक. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, वर्ग रिकामे पडले, म्हणून मिशिगन विद्यापीठानं भूशास्त्राचं दार मुलींना उघडलं. थार्प त्या दारातून आत आली. पुढे तिनं गणिताचीही पदवी घेतली. 1948 पासून ती कोलंबिया विद्यापीठात काम करू लागली. बाई म्हणून तिला संशोधन जहाजावर जाता येत नव्हतं. पुरुष समुद्राच्या खोलीची मापं आणायचे, ती त्यांचे नकाशे काढायची. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तिला अटलांटिकच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगेत एक लांबच लांब दरी दिसली. खंड सरकतात, या तेव्हा हास्यास्पद मानल्या जाणाऱ्या कल्पनेला त्यातून बळ मिळत होतं. सहकारी ब्रूस हीझन यांनी ते पोरींचं बोलणं म्हणून उडवून लावलं. ती हटली नाही. हॉवर्ड फॉस्टर हा सहकारी भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडत होता. त्याचे ठिपके तिच्या नकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा ते नेमके त्या दरीत पडले. जहाजावर पाऊल ठेवायला मात्र तिला 1968 साल उजाडलं.

थार्पनं केलं ते वरवर पाहता आजचं मॉडेल करतं तेच: ढीगभर मापांतून आकृती शोधणं. फरक एवढाच, की ‘मला हे दिसतंय’ असं म्हटल्यावर हसं होण्याची जोखीम तिची होती. मॉडेल ‘शक्यता 0.93’ म्हणतं आणि पुढच्या नोंदीकडे वळतं. चुकलं तरी त्याचं काहीच जात नाही. मग ज्याचं काही जात नाही, त्याच्या शब्दावर आपण किती विसंबायचं?

आणि मॉडेलची नजर तरी त्याची स्वतःची कुठे असते? 2018 साली आलेलं ‘फेजनेट’ हे भूकंपलहरी ओळखणारं मॉडेल सात लाखांहून अधिक नोंदींवर बेतलेलं आहे. लहर नेमकी कधी पोचली याची खूण त्या नोंदींवर माणसांनी केलेली होती. म्हणजे ती नजर उसनी आहे. जिथे कुणी पाहिलंच नाही, तिथलं मॉडेल शिकणार कसं?

याची किंमत महाराष्ट्राला ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षीच तिथे छोटे धक्के बसले होते. नकाशा करणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, हाताशी असलेल्या नोंदींवरून त्यांनी तो केला होता. त्याच नोंदी यंत्राला दिल्या असत्या, तर त्यानंही बहुधा तेच सांगितलं असतं, फक्त अधिक झटपट आणि दशांश चिन्हासकट. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावणं ही चूक यंत्राच्याही आधीची आहे. यंत्रामुळे ती अधिक खात्रीशीर वाटू लागते, एवढंच.

म्हणून या वाटेनं जाणाऱ्या मुलीनं ‘यंत्र माझी जागा घेईल का?’ यापेक्षा ‘यंत्राच्या उत्तराखाली सही कुणाची?’ हे विचारावं. अर्थात हे सगळं तिच्या एकटीच्या खांद्यावर टाकणं सोपं आहे. प्रयोगशाळेत ती सर्वांत धाकटी असेल, तर तिची शंका ‘मॉडेल तर वेगळं सांगतंय’ म्हणून झटकली जाईल. थार्पला पोरींचं बोलणं ऐकावं लागलं, हिला आकडा ऐकवला जाईल. तिची शंका तपासून पाहायला कुणी तयार नसेल, तर तिच्या सहीला अर्थ तरी काय?

यून आणि तिच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 68 हा आकडा नाही. ‘24 पैकी 21’ हा आहे. काही चुकीची उत्तरं आली हेही त्यांनी निबंधाच्या सारांशातच सांगून टाकलं, तळटीपेत दडवलं नाही. ठसे जुळवण्याचं काम यंत्रानं केलं. काय निसटलं हे ठळकपणे सांगायचं, हे मात्र माणसांनी ठरवलं.