चेंडू हलला, कुणी पाहिलं नाही



मागच्या सत्संगात एका ताईंनी विचारलं, "आपल्या माणसाचा विजय व्हावा म्हणून देवाला मागणं चूक आहे का?" कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर आम्हाला एक जुनी पहाट आठवली. ती घडली तशी सांगतो. त्यात फजिती आमचीच आहे.

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या गोल्फची शेवटची फेरी होती. आता बिदर-भालकीकडच्या माणसाला गोल्फचं काय? आपल्याला तूर कळते, कुस्ती कळते, क्रिकेट कळतं. पण आपल्या कर्नाटकाची, बेंगळुरूची अदिती अशोक तीन फेऱ्यांनंतर दुसरी होती. जागतिक क्रमवारीत २००वी असलेली पोरगी, आणि पुढं फक्त पहिल्या क्रमांकाची नेली कोर्डा! अदितीची आई महेश्वरी कॅडी म्हणून तिच्यासोबत चालत होत्या. एवढं कळल्यावर झोप कुणाला येते?

खेळ समजायला वेळ लागला नाही. लहानपणी आपण गोटी खड्ड्यात घालायचो, तसंच हे. फक्त खड्डा शेकडो पावलं लांब, आणि असे अठरा खड्डे. ज्याला फटके कमी लागले तो पुढं. एक गोष्ट मात्र वेगळी. कुस्तीत समोरच्याला पाडावं लागतं, कबड्डीत पाय धरावा लागतो. इथं कुणी कुणाला हात लावत नाही. ज्याचा चेंडू त्याच्यापाशी.

आमची जपाची वेळ होती. माळ हातात, मोबाइल समोर तांब्याला टेकवलेला. "देवा, पोरीला पदक मिळू दे," असं चाललं होतं. तिथवर ठीक. मग न्यूझीलंडची लिडिया को चेंडूसमोर उभी राहिली. तीही पदकासाठीच झुंजत होती. आणि माळेच्या त्याच मण्यावर आमच्या मनातून निघून गेलं, "हिचा चुकू दे!"

शेजारी बसलेल्या घरच्यांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

मध्ये विजा-पावसामुळं खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला. शेवटच्या खड्ड्यापाशी अदितीचा लांबचा चेंडू थोडक्यात हुकला. चार दिवसांत ठरलेले फटके २८४, तिला लागले २६९. लिडिया कोला त्याहून एक कमी. त्या एका फटक्यानं आपली पोरगी चौथी आली. कोला कांस्य मिळालं.

आम्ही हळहळलो. पण संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्ण जिंकलं. सगळ्यांचे स्टेटस बदलले, आमचाही बदलला. पहाटे जिच्यासाठी माळ धरली होती, ती रात्री आठवलीसुद्धा नाही. मग प्रेम पोरीवर होतं की पदकावर?

या खेळातली एक खरी गोष्ट आम्ही नंतर वाचली. १९२५ सालच्या अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स उंच गवतातून फटका मारायला उभे होते. चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपण होऊन सांगितलं आणि स्वतःवर एक फटक्याचा दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली, आणि जादा खेळात ते हरले. तो एक फटका धरला नसता, तर ते सरळ जिंकलेच असते.

वाचून आम्ही गप्प झालो. त्या पहाटे आमचाही चेंडू हललाच होता की! कुणी पाहिला नव्हता एवढंच. आणि आम्ही दंड न लावता पुढचा मणी ओढला होता.

कुणी म्हणेल, "पदकं तीनच. एकीला मिळायचं तर दुसरीचं जाणारच. मग आपला विजय मागणं आणि दुसऱ्याची हार मागणं, यात फरक तो काय?" प्रश्न खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्याकडं शेतकऱ्याला विचारा. कलबुर्गीच्या बाजारात तुरीला भाव कधी चढतो? माल कमी येतो तेव्हा. म्हणजे कुणाचं तरी रान बुडालेलं असतं. चढलेला भाव घेणं पाप नाही, घरी लेकरंबाळं आहेत. पण आभाळाकडं बघून "आमच्याकडं पड, पलीकडं पडू नको" म्हणणं निराळं.

आम्हाला फरक सापडतो तो इथं. दुसऱ्याची हार हे फळ आहे, ते आपल्या हातात नाही. पण ती हार मागणं हे आपलं कर्म आहे. आपण म्हणतो, मनातलं कोण मोजतंय? अहो, कोको चेंडू आमच्या म्हणण्यानं चुकला नसता की लागला नसता. त्यानं फरक पडला तो आमच्याच माळेला.

म्हणून ताई, मागा. खुशाल मागा. लेकराचा निकाल मागा, तुरीला भाव मागा. फक्त एक परीक्षा स्वतःची घ्या. शेजारच्या पोराला जास्त मार्क पडले की तोंडातून "वा!" निघतं का? निघालं तर मागणं शुद्ध. घशात अडकलं तर समजा, चेंडू हलला.

आणि हलला की दंड आपणच लावायचा. आम्ही असा लावतो: ज्याचं वाईट मनात आलं, त्याच्या भल्यासाठी एक माळ जास्त. खोटं कशाला सांगू, अजूनही महिन्यातून चार-पाच माळा दंडाच्या होतात.

२०२४ साली पॅरिसला अदिती पुन्हा खेळली, पदक आलं नाही. सुवर्ण जिंकलं लिडिया कोनं. बातमी वाचली आणि आमच्या तोंडून निघालं, "वा गं पोरी!" आधी अदितीसाठी हळहळलो, मग हे. पण निघालं. तीन वर्षं लागली.

चुकलं-माकलं पदरात घ्यावं. 🙏