हाताच्या अंतरावर

हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला चंदेरी नगरी म्हणतात. पैंजण, वाळे, करदोटे घडवणारे हात इथे घरोघरी आहेत. पुढच्या खोलीत किंवा माडीवर काम चालते. कारागीर बसतो ती जागा एकदा नीट बघावी. ऐरण गुडघ्यापाशी, चिमटे उजव्या हाताला, कड्यांची वाटी डावीकडे, दिवा वर पण नजरेच्या आड न येणारा. तासन् तास त्याला उठावे लागत नाही. एखादे हत्यार जरा लांब पडले तर तो दुसऱ्याच दिवशी तिथे खिळा मारून ते जवळ टांगतो. यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि हा लाड आहे असेही कुणी म्हणत नाही. काम नीट व्हायचे असेल तर वस्तू हाताशी हवी, एवढा साधा हिशोब. जमिनीवर सांडलेला चांदीचा कीससुद्धा झाडून जपला जातो. झारेकऱ्यांचा धंदाच त्या मातीवर उभा राहिला.

त्याच घरात चार पावलांवर स्वयंपाकघर असते. तिथे दोन फूट खोल कडाप्प्याच्या ओट्याखाली अंधार असतो. पुढे रोजचे डबे, त्यांच्यामागे महिन्याचे, आणि सर्वांत मागे काय आहे ते फक्त झुरळांना माहीत. तूरडाळ काढायची तर आधी चार डबे बाहेर, मग गुडघे टेकून मान आत. वरची फडताळे छतापर्यंत गेलेली. पाच फूट उंचीच्या बाईचा हात टाचा न उचलता जेमतेम सहा फुटांच्या आसपास पोचतो; त्याच्या वरचे सगळे स्टुलाच्या भरवशावर. रमजानमध्ये सहरीच्या वेळी, डोळ्यांवर झोप असताना, स्टुलावर उभी राहून मोठे पातेले उतरवणारी बाई आपल्यापैकी कुणी पाहिली नसेल असे मला वाटत नाही. त्याच घरची ती बाई दुपारी बसून चांदीच्या कड्याही जोडते. तेव्हा मात्र सारे तिच्या हाताशी मांडून दिलेले असते.

दोन्ही कामे त्याच हातांची. मग एका कामाची जागा हाताच्या मापाने आणि दुसऱ्याची भिंतीच्या मापाने का? उत्तर सोपे वाटते: एका कामाची मजुरी मिळते, तिथे वाया गेलेल्या प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. दुसरे काम बिनमोल, म्हणून त्यातली दमछाकही बिनमोल. पण हे उत्तर पूर्ण नाही.

आधी जरा मागे जाऊ. चुलीपुढे बसून स्वयंपाक होत होता तेव्हा भिंतीतला कोनाडा, फळी, दह्यादुधाचे शिंके, कोपऱ्यातली उतरंड हे सारे वापरणाऱ्या बाईने स्वतः ठरवलेले असे. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. धुराने डोळे गेले, कमरा वाकल्या. पण मांडणी बदलायची झाली तर तिला गवंडी लागत नसे. गॅस आला, उभा ओटा आला, आणि त्याबरोबर मांडणी दगडात पक्की झाली. माप ठरवायला आले गवंडी, सुतार, आणि पैसे देणारा घरधनी. ज्याचा हात रोज तिथे पोचायचा होता त्याला कुणी विचारल्याचे क्वचितच ऐकू येते.

परदेशात हा विचार शंभर वर्षांपूर्वी झाला. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या कामगार वस्त्यांसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईने सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब असे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या डब्यातल्या भटारखान्यावरून तिने धडा घेतला होता. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे मुठीचे खण, ते ओढून थेट भांड्यात ओतायचे. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, अळी लागू नये म्हणून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बसली. गंमत अशी की आपण तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, हे पुढे तिनेच सांगितले. आणि टीका झाली तीही विचार करण्यासारखी: ते घर इतके नेमके एका बाईच्या मापाचे होते की दुसरा माणूस आत मावतच नव्हता. पावले वाचली, पण बाई एकटी पडली.

हे लक्षात ठेवून आपल्याकडच्या दुरुस्तीकडे पाहू. आता गावोगावी ट्रॉल्या बसतात. जुना ओटा न फोडता हे करता येते, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे. कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांमधले अंतर कधी सारखे नसते. म्हणून जाणता मिस्त्री प्रत्येक खण वर, मध्ये आणि खाली असा तीनदा मोजतो आणि सर्वांत लहान माप धरतो. चॅनेलला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच सोडावा लागतो. दगडात स्क्रू धरत नाही म्हणून आत लाकडी चौकट आधी बसवायची. जुने दार ठेवायचे असेल तर ते पूर्ण मागे वळते का ते बघायचे, नाहीतर खण दारावर आपटतो. जड डबे खाली, हलके वर. वरच्या फडताळाची तळफळी चार-सहा इंच खाली आणली तरी एक अख्खा थर हाताशी येतो. एवढे केले की मागचा अंधार पुढे येतो. सगळे उखडून शहरी तऱ्हेचे तयार स्वयंपाकघर बसवण्याची हौस मला पटत नाही. चांगला दगड आणि सागवान भंगारात घालणे हा उधळेपणा झाला. पण उधळेपणा हा त्यातला लहान दोष आहे.

मोठा दोष वेगळा. पुण्या-मुंबईला किंवा आखातात नोकरी करणारा मुलगा सुट्टीत येतो आणि आईला भेट म्हणून स्वयंपाकघर नवे करून देतो. प्रेमानेच देतो. आमच्या नात्यातल्या एका खालाच्या घरी असे झाले. मुलगा परत गेल्यावर खाला आठवडाभर हळद शोधत होती. चाळीस वर्षे अंधारातही तिचा हात हळदीवर बरोबर पडायचा. आता तिला सुनेला विचारावे लागे. तिला सोय मिळाली, पण घरातले एक ज्ञान तिच्याकडून काढून घेतले गेले. वापरणाऱ्याला न विचारता केलेली सोय हा उपकार होतो, आणि उपकारावर तक्रार करता येत नाही. मिस्त्रीने तिला ओट्याशी उभे करून हात वर करायला सांगितले असते, रोज लागणारे डबे तिच्याकडून पुढे मांडून घेतले असते, तर त्याच पैशात तोच खण तिच्या हक्काचा झाला असता. माझ्या दृष्टीने उपकार आणि न्याय यांत फरक पडतो तो इथे. खर्च झालेली रक्कम त्याबद्दल काही सांगत नाही.

आता दुसरी बाजू. वस्तू सगळ्यांना दिसू लागल्या की घरातल्या पुरुषांची एक जुनी सबब संपते. “कुठे काय ठेवलंय मला ठाऊक नाही” हे वाक्य बंद फडताळाच्या आश्रयाने जगत आले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या बायकांपैकी शंभरात ८१ जणी बिनपगारी घरकामाला हात लावत होत्या, पुरुषांत शंभरात २६. काम करणाऱ्या बाईचे रोजचे सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचे ९७. ट्रॉलीने हा आकडा बदलेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. उलट, काम सोपे झाले म्हणून पाहुणे दुप्पट बोलवायचे, हे आपण इफ्तारच्या दिवसांत पाहतोच. पण मुलाला शेवया आणि साखर स्वतः काढता येते, तेव्हा त्याला “काढ” असे सांगण्याची सोय तरी होते. सांगायचे की नाही, हा प्रश्न सुताराच्या हातचा नाही.

आणि तरी, सगळे उघडे करावे का? नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा कितीतरी घरांत डाळीच्या, तांदळाच्या डब्यांतून पैसे बाहेर आले. घरखर्चातून, शिलाईतून, कड्या जोडण्याच्या मजुरीतून बाजूला टाकलेले. पुरुषांनी त्यावर विनोद केले. मला त्यात विनोद दिसला नाही. जिचे नाव घराच्या कागदावर नाही, बँकेच्या खात्यावर असले तरी पासबुक दुसऱ्याच्या कपाटात आहे, तिची तिजोरी म्हणजे तो मागचा, हात न पोचणारा कोपरा. मुलीच्या फीचे, माहेरच्या आजारपणाचे, कधी नुसतेच जिवाला आधार म्हणून ठेवलेले पैसे. आपण मोठ्या उत्साहाने अंधार पुढे ओढून आणतो तेव्हा तो कोपराही ओढून आणतो. अडचणीची जागा हीच एखादीची एकांताची जागा असू शकते, हे मोजपट्टीला कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग बायकांना पैसे उघडपणे ठेवता येतील असे घर करा, कोपरा कशाला जपता? म्हणणे बरोबर आहे. तसे घर होईपर्यंत मात्र कोपरा मोडू नये, एवढेच मी म्हणतो. एका मिस्त्रीला मी विचारले, बायका काही वेगळे सांगतात का. तो हसला नाही. म्हणाला, “सांगत नाहीत. पण माप घ्यायला एकटाच असलो की काहीजणी म्हणतात, चाचा, त्या कडेचा तेवढा राहू द्या, त्याला दार असू द्या.” तो त्या खणाला चॅनेल लावत नाही, आणि घरधन्याने विचारले तर दगड सरळ नाही असे सांगतो.