चाकामागचा ताण

मोटारीचे चाक स्टडवर टांगलेले असते, असे बहुतेकांना वाटते. डोळ्यांना दिसते तेही तसेच. हबमधून बाहेर आलेले चार-पाच स्टड, त्यांत अडकवलेले चाक आणि वरून नट. पण नीट बसवलेल्या चाकात गाडीचा भार स्टडवर आडवा येतच नाही. नट आवळला की स्टड लांबीत ताणला जातो. ताणलेला स्टड पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीने चाक हबच्या तोंडाशी दाबून धरले जाते. भार पेलते ते चाक आणि हब यांच्यातले घर्षण. स्टडचे काम फक्त ताणलेले राहणे.

आकडे मांडले की हे जास्त पटते. 12 मिलिमीटर जाडीचा स्टड 85 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळला, तर ढोबळ हिशेबाने तो साडेतीन टनांचा दाब देतो. चार स्टडांचा मिळून 14 टन. छोट्या मोटारीचे अख्खे वजन टनभराच्या आसपास असते, आणि इथे एकेका चाकाला 14 टनांनी धरून ठेवलेले असते. एवढा दाब देण्यासाठी स्टड लांबतो किती? मिलिमीटरचा विसावा भाग, फार तर. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. चाक जागेवर राहते ते या इवल्याशा लांबण्याच्या जोरावर, ही गोष्ट समजली तेव्हापासून मला चाकाचे नट आवळणे हे किरकोळ काम वाटेनासे झाले.

मला ती बाबांनी समजावली, भोपाळच्या बरखेड्यातल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात. 1956 साली भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झाले, त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तांत्रिक सहकार्य होते ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचे. 6 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पुढे 1974 मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या वसाहती त्या कारखान्यासाठी उभ्या राहिल्या, आणि देशभरातून आलेल्या कुटुंबांत आमच्यासारखी मराठी घरेही होती. बाबा जलविद्युत टर्बाइनच्या जुळणीवर फिटर होते. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि हत्यारांच्या पेटीजवळ कारखान्याची तिसरीच भाषा, असे आमचे बालपण.

मोठ्या टर्बाइनचे बोल्ट पाना फिरवून अंदाजाने आवळत नाहीत. बोल्ट तापवून लांबवायचा, नट हाताने पुढे सरकवायचा आणि बोल्ट थंड होऊ द्यायचा. किंवा हायड्रॉलिक टेन्शनरने तो सरळ ओढायचा. मग लांबी मोजायची. आधी किती होती, आता किती आहे, फरक नकाशात दिल्याइतका आला का? बाबा म्हणत, ‘‘नट घट्ट वाटतो, याला अर्थ नाही. बोल्ट किती ताणला ते सांग.’’

काही वर्षांपूर्वी मारुतीचे चाक पंक्चर झाले आणि घरीच बदलायला घेतले. थोडेच दिवस आधी एका टायरच्या दुकानात चाकांची अदलाबदल करून घेतली होती. तिथे नट हवेच्या गनने आवळले होते. आता एक नट पान्याला दादच देईना. जोर लावला तसा किरकिरत फिरला, आणि स्टड मधूनच तुटून नटासकट हातात आला. बाबांनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला. तुटलेल्या तोंडाजवळ स्टड कमरेत बारीक झाला होता, धातू पिळवटल्यासारखा दिसत होता. धातू थकून तुटतो तेव्हा तोंडावर एका कडेकडून पसरत गेलेल्या गुळगुळीत रेषा दिसतात, शिंपल्यावर असतात तशा. इथे तसे काही नव्हते. हा स्टड आधीच मर्यादेपलीकडे ओढला गेला होता.

मग त्यांनी पेटीतून आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, तपासायचे गेज काढले आणि शेजारच्या, शाबूत दिसणाऱ्या स्टडच्या आट्यांवर टेकवून मला उजेडाकडे धरायला सांगितले. गेजचे पहिले चार-पाच दात आट्यांत चपखल बसले होते. पुढे दात आणि आटे यांच्यामधून उजेडाची बारीक फट दिसू लागली, आणि दातागणिक ती रुंदावत होती. आटे एकमेकांपासून दूर गेले होते. स्टड कायमचा लांबला होता. परत आखडायची त्याची ताकद संपली होती. असा स्टड नट धरून ठेवतो, चाक धरून ठेवत नाही. एक तुटला तर त्या चाकाचे सगळे बदलायचे, ही त्यांची शिस्त मला त्या फटीतून पटली.

स्टड विकत घेणे सोपे वाटते, पण खरी फसगत होते ती तिथेच. जुन्या भोपाळातल्या दुकानात काउंटरवर मूठभर स्टड ओतले जातात आणि ‘‘सब में लगता है’’ असे सांगितले जाते. सगळ्यांत ते लागत नाहीत. मारुती-सुझुकीच्या बहुतेक मोटारींना 12 मिलिमीटरचा, 1.25 पिचचा स्टड असतो. होंडा, टोयोटा, ह्युंदाई यांना 12 चाच, पण 1.5 पिचचा. दोन्ही हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हाताने लावणारा तिथे थांबतो. गन थांबत नाही, ती आटे कापत पुढे जाते आणि वरून सारे घट्ट दिसते. फोक्सवॅगन, स्कोडा यांची गोष्टच वेगळी: तिथे स्टड नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातो.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे डोक्याखालचे दाते. स्टड हबच्या मागून येतो आणि या दात्यांनी हबच्या भोकात रुतून बसतो. त्यांचा व्यास भोकापेक्षा किंचितच मोठा हवा. कमी असला तर स्टड नटाबरोबर फिरत राहतो, मग नट ना आवळता येतो ना काढता. जास्त असला तर हबच्या पाकळीवर नको तो ताण येतो. हे व्हर्नियरनेच मोजावे लागते. जुना स्टड खिशात घालून नेला की निम्मे काम होते.

लांबीचा प्रश्न येतो तो अलॉय चाके किंवा स्पेसर लावणाऱ्यांपुढे. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे. 12 मिलिमीटरच्या स्टडला 1.25 पिचने हे जवळजवळ दहा फेरे होतात, 1.5 पिचने आठ. जाड चाक लावून चार-पाच फेऱ्यांवर नट टेकवलेल्या गाड्या भोपाळच्या रस्त्यांवर मी पाहिल्या आहेत. दिसायला त्या सुंदरच असतात.

आणि डोक्यावरचा 10.9 हा शिक्का. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की मिळते ती तुटेपर्यंतची ताकद: 1000 मेगापास्कल. त्याच्या 0.9 पटीला, म्हणजे 900 ला, पोलाद कायमचे लांबू लागते. मग 12.9 आणखी चांगला का नाही? जितके कडक पोलाद, तितके ते हायड्रोजनला हळवे. चमकदार मुलामा चढवताना धातूत शिरलेला हायड्रोजन भट्टीत तापवून बाहेर काढला नाही, तर असा स्टड ताणाखाली काही काळाने, कुठलीही सूचना न देता तडकतो. म्हणून चकचकीत, बिनशिक्क्याच्या, ‘रेसिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टडपेक्षा मूळ कंपनीचा काळपट स्टड मी डोळे झाकून घेईन.

बसवण्याचे काम बाबांनी माझ्याकडून करून घेतले. जॅकवर भरवसा न ठेवता गाडी स्टँडवर घेतली. चाक काढले, कॅलिपर काढून तारेने टांगला, म्हणजे ब्रेकच्या नळीवर ओझे येत नाही. मग डिस्क. जुना स्टड हातोड्याने ठोकून काढायची सर्रास पद्धत आहे. ते करायचे नाही. तो घाव मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो, पट्ट्यावर खड्डे पडतात आणि महिन्याभराने चाक गुंजू लागते. सी-आकाराच्या प्रेसने दाबला की स्टड एकदा कटकन आवाज करून सुटतो.

नवा स्टड मागून घातला, पुढून जाड वायसर चढवले, वायसरांच्या मध्ये तेलाचा थेंब, आणि एक जुना नट उलटा, सपाट तोंड आत करून. या कामासाठी वापरलेला नट पुन्हा चाकाला लावायचा नाही. मग हातपान्याने सावकाश ओढत आणायचे. पान्याला एकसारखा, जड विरोध जाणवत राहतो. दाते लोखंडात शिरत असतात. आणि एका क्षणी पाना एकदम दगडासारखा होतो. डोके टेकले. तिथेच थांबायचे. बॅटरीच्या उजेडात मागे पाहायचे, डोके चारही बाजूंनी पाकळीला टेकले आहे ना. केसभर फट राहिली असेल, तर ती पुढे रस्त्यावर मिटेल आणि सगळा ताण घेऊन जाईल.

याच कारणाने हबचे तोंड आणि चाकाची आतली बाजू तारेच्या ब्रशने उघडी होईपर्यंत घासली. गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका सहज असतो. स्टडचे लांबणेही तेवढेच. थर चिरडला की ताण गेला, नट न फिरताही. ताण उतरला की चाक हबवर सूक्ष्म आडवे सरकू लागते, आणि अशा आडव्या हालचालीने नट आपोआप सुटत जातो, हे गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, शेवटचा टप्पा पुस्तिकेतल्या आकड्यावर, टॉर्क रेंचने. आट्यांना तेल लावायचे नाही, कारण तो आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलाने तोच आकडा स्टडला कितीतरी जास्त ओढतो. आणि 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर पुन्हा एकदा रेंच लावायचा.

त्या संध्याकाळी बाबांनी सायानो-शुशेन्स्कायाचा विषय काढला. रशियातले जलविद्युत केंद्र, 17 ऑगस्ट 2009. दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण 80 स्टडांनी धरलेले होते. यंत्र बराच काळ थरथरत होते. त्या सकाळी स्टड तुटले, पाण्याच्या दाबाने झाकण आणि वरचे अख्खे जनित्र उसळले, आणि 75 माणसे गेली. तपासलेल्या 49 स्टडांपैकी 41 मध्ये धातूच्या थकव्याच्या भेगा सापडल्या. काहींवर तर नटच नव्हते. बाबा हे सांगताना थांबत थांबत बोलत होते. आयुष्यभर त्यांनी तसलीच झाकणे बसवली होती. वापरात असलेल्या यंत्राचा स्टड आतून भेगाळत असताना बाहेरून तस्साच दिसतो, आणि तो मुद्दाम काढून तपासणारा माणूस नेमलेला नसेल तर कुणालाच काही कळत नाही.

मोटारीचा स्टडही बाहेरून तस्साच दिसतो. टायरच्या दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही. ‘‘गन से पक्का कसता है, भैया,’’ असे तो म्हणतो ते मनापासून म्हणतो. सैल नटाची भीती त्याला शिकवलेली आहे, जास्त आवळल्याची नाही. नट सोडवायला आणि टेकवायला गन उत्तम. पण हवेचा दाब किती, बोट किती वेळ दाबून धरले, यावर तिचा जोर ठरतो आणि तो जोर कुणी मोजत नाही. शेवटचे आवळणे हातानेच व्हायला हवे. टॉर्क रेंच काही हजारांत मिळतो. दिवसाला वीस-पंचवीस गाड्यांची चाके काढणाऱ्या दुकानाला तो परवडत नाही, हे मला मान्य नाही.

अलाइनमेंट केल्यावर दुकानदार आपल्याला छापील कागद देतो. टो, कॅम्बर, सगळे आकडे आधीचे आणि नंतरचे. लोक तो कागद जपून ठेवतात. त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ यावी, अशी माझी मागणी आहे: नट कितीवर आवळले, कुणी आवळले आणि 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला कधी यायचे. मी माझ्यापुरते ते विचारायला सुरुवात केली आहे. रेंच डिकीत असतो. दुकानात नसेल तर मी तो काढून मुलाच्या हातात देतो आणि आकडा लावून दाखवतो. ‘टक्’ झाल्यावर तो पुन्हा ओढू पाहतो, तेव्हा त्याला थांबवून कारण सांगतो. बहुतेक मुले ऐकतात. काहींनी पुढचे चाक आपणहून रेंचने केले.