हलकी गाडी, हलका बैल

२०२३च्या एप्रिलमध्ये सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भाळवणीच्या माळावर बैलगाडी शर्यतीचं मोठं मैदान भरलं. पहिलं बक्षीस होतं थार गाडी. शर्यतीतले दोन बैल काट्यावर एकत्र उभे केले, तरी दीड टनाहून जड असलेल्या त्या गाडीशी त्यांचं वजन जुळणार नाही. त्यांच्या मागे धावणारा छकडा तर दोघातिघांनी उचलून बाजूला ठेवावा इतका हलका. त्या बक्षिसाची चर्चा पुष्कळ झाली. वजनांच्या या उतरंडीकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. सातारा-सांगलीच्या खिलार बैलाचं पुढे काय होणार, याचं बरंचसं उत्तर तिच्यात आहे.

चढाओढ ही एक प्रकारची निवड असते. मैदानात जे मोजलं जातं ते पिढ्यान् पिढ्या वाढत जातं. जे मोजलं जात नाही ते कुणी वाईट ठरवलेलं नसतं. त्याच्याकडे लक्ष द्यायचं कारण उरत नाही, म्हणून ते झडतं. शर्यतीला कडाडून विरोध करणारे आणि तिच्यावर जीव टाकणारे, दोघांच्याही बोलण्यात हा मुद्दा क्वचित येतो. वाद होतो तो शर्यत असावी की नसावी यावर. शर्यतीने नेमकं काय मोजावं, हे कुणी विचारत नाही.

खिलार घडला तो कमी पावसाच्या मुलखात. माण, खटाव, आटपाडी, जत हा त्याचा प्रदेश. आटपाडी महालचा खिलार आणि म्हसवडचा खिलार असे त्याचे प्रकार जाणकार आजही वेगळे ओळखतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाची आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा या बैलांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे. साडेचारशे-पाचशे किलोंचा बांधीव देह, लांब मागे वळलेली शिंगं, आखूड चकचकीत केस, टणक काळे खूर. चारा बेताचा, जमीन खडकाळ आणि बाजार लांब, अशा भागात शेतकऱ्याला एकाच जनावराकडून दोन गोष्टी हव्या असत: ओझं ओढायची ताकद आणि ते ओढताना पाय उचलण्याची चपळाई. नुसता जड बैल चाऱ्याला परवडत नव्हता, नुसता चपळ बैल नांगराला पुरत नव्हता. या दोन्हींचा तोल म्हणजे खिलार.

हा तोल शेतीच्या बदलत्या अवजारांशीही जुळत गेला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. आटपाडी महालही त्याच औंध संस्थानातला. लोखंडी फाळ जमिनीत खोल जातो, आणि तो ओढायचा तर बैलाच्या खांद्यात तेवढा दम लागतो. एकाच संस्थानाच्या हद्दीत नांगरही तयार होत होता आणि तो ओढणारा बैलही.

पुढे ट्रॅक्टर आला आणि बैलाचं शेतातलं काम आटत गेलं. खिलार गाय दुधाला बेताची. ती सांभाळायची ती मुख्यतः खोंडासाठी. खोंडाला काम नाही म्हटल्यावर गाईलाही दावणीत जागा राहिली नाही. त्यात ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती न्यायालयात अडकून राहिल्या. ऑगस्ट २०२१मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात बंदी झुगारून शर्यत झाली आणि सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

शर्यत सुरू झाली आणि खोंडाला पुन्हा मोल आलं. पळाऊ बैलाच्या किमतीचे आकडे लाखांत बोलले जाऊ लागले. ज्या घरांत दावण रिकामी झाली होती तिथे वासराच्या खुराकाची चौकशी होऊ लागली. हे श्रेय शर्यतीला मनापासून द्यायला हवं. पण मग जबाबदारीही तिच्याकडेच येते. नांगर, मोट आणि ओझ्याची गाडी यांनी मिळून जो बैल घडवला, त्याला घडवण्याचं काम आज बहुतांशी एकटी शर्यत करते आहे. तिच्या नियमांत जे नाही, ते उद्या बैलातही राहणार नाही.

आज मैदानात मोजला जातो तो वेग, आणि तोही थोड्या अंतराचा. नियमांप्रमाणे धाव १,००० मीटरपेक्षा लांब असू नये. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई. धावण्याआधी जनावराची पशुवैद्यकीय तपासणी. हे नियम चांगले आहेत आणि ते काटेकोर पाळले गेले पाहिजेत. पण त्यांच्या चौकटीत जिंकायचं तर मालक काय करील? तो आधी गाडीचं वजन उतरवील. लाकूड कमी होईल, साटा लहान होईल, गाडीवान अंगाने सडपातळ शोधला जाईल. गाडी आणखी उतरवता येईना, की पाळी बैलाची. रुंद छातीच्या, भरल्या खांद्याच्या बैलापेक्षा बारीक अंगाचा, लांब टांगेचा खोंड पहिल्या झेपेत पुढे जातो. दक्षिणेकडची म्हैसुरी खोंडं त्यासाठीच इकडे आणली जातात. मैदान मारलेल्या बैलाला पैदाशीसाठी मागणी येते आणि तोच बांधा पुढच्या वासरांत उतरतो. आदत, दुसा, चौसा असे दातांवरून वयाचे गट आपण पाडतो. वजनाचा गट कुठेच नाही.

ही गोष्ट फक्त बैलांची नाही. अमेरिकेत १९६४ साली पाँटियाक जीटीओ आली: मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं मोठं इंजिन. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली, मग शेवरलेची कॅमारो, पुढे डॉजची चॅलेंजर. या ‘मसल कार’ना एकमेकींशी स्पर्धा करायची होती ती सरळ रस्त्यावरच्या पाव मैलात. म्हणून इंजिन वाढत गेलं, ते पेलायला सांगाडा वाढला, सांगाडा ओढायला पुन्हा इंजिन. वळणावरचा तोल आणि थांबण्याची क्षमता यांची मोजणी पाव मैलात होत नव्हती, आणि नेमकी तिथेच या गाड्या कच्च्या राहिल्या. १९७१ची मस्टँग पहिल्या मस्टँगपेक्षा कितीतरी मोठी आणि जड होती. वाढता विमा, धुराचे कायदे आणि १९७३चं तेलसंकट यांनी त्या पिढीचा शेवट केला. चॅलेंजर आणि कॅमारो कालांतराने परतल्या आणि २०२३च्या अखेरीस त्यांचं उत्पादन पुन्हा थांबलं. डॉजची नवी विजेवरची चार्जर बॅटरीसकट २,६०० किलोंच्या वर जाते. तिथे चढाओढीने वजन चढवलं, आपल्याकडे ती उतरवते आहे. दिशा उलट असली तरी दोन्हीकडे घडतं एकच: मोजपट्टीवर जे नाही, त्याचा बळी.

त्याच इतिहासात उपायही सापडतो. १९६६ साली अमेरिकेत ट्रान्स-ॲम नावाची शर्यतमालिका सुरू झाली. वळणावळणाच्या मार्गावर धावायचं आणि इंजिन पाच लिटरच्या आत ठेवायचं, ही अट. त्या मर्यादेतून कॅमारो झेड-२८ आणि मस्टँग बॉस-३०२ या गाड्या जन्मल्या. त्या काळातल्या सर्वांत तोलदार अमेरिकी गाड्यांत त्यांची गणना होते. कारखाने तेच होते, अभियंतेही तेच, आणि ईर्ष्याही तितकीच होती. फरक पडला तो एका नियमाने.

आपल्या मातीतही याचा दाखला आहे, आणि तो कराडजवळच्या गोळेश्वरचा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात. वजनाचा गट नसता, तर जगभरच्या धिप्पाड मल्लांच्या गर्दीत या पैलवानाची चपळाई आणि डावपेच दिसायला जागाच मिळाली नसती. गट पाडल्याने कुस्ती मिळमिळीत झाली नाही. प्रत्येक बांध्यातलं उत्तम काय, ते पाहण्याची सोय झाली.

आता सातारा-सांगलीतच, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाहावं. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उसाने लादलेल्या टायरगाड्या चाललेल्या असतात. चढ आला की जू मानेत रुततं आणि बैलाचे गुडघे थरथरतात. मैदानातल्या बैलामागे जवळजवळ काहीच वजन नाही, आणि इथल्या बैलावर ते सोसवेना इतकं आहे. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२मध्ये या दुःखावर ‘सारथी’ नावाचा उपाय काढला: जुवाखाली, दोन बैलांच्या मधोमध एक फिरतं चाक, म्हणजे मानेवर येणारा भार चाक घेतं. गाडीचा वेग वाढवण्यासाठी जितकी बुद्धी खर्ची पडते, तितकीच बैलाची मान वाचवण्यासाठीही लावता येते, हे त्या मुलांनी दाखवून दिलं. त्यांचा मला अभिमान वाटतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ओढकामाच्या जनावरांविषयी १९६५चे केंद्रीय नियम आहेत. त्यांत बैलांचे वजनावरून तीन वर्ग केले आहेत: २०० किलोंपर्यंत, २०० ते ३५० आणि ३५०च्या वर. कोणत्या वर्गाने किती ओझं ओढावं, हे चाकाच्या प्रकारानुसार ठरवून दिलं आहे. ही मोजपट्टी मैदानात आणावी. प्रवेशाच्या वेळी बैल काट्यावर चढवावा, दातांच्या गटाबरोबर वजनाचाही गट असावा. छकड्याला किमान वजन ठरवावं, ते बैलाला सहज पेलणारं असावं, पण गाडीला गाडीपण ठेवणारं असावं. बक्षिसाचा काही भाग तपासणीतल्या गुणांवर द्यावा: खूर, खांदा, धावेनंतर श्वास किती लवकर बसतो, स्वभाव शांत आहे का. पुसेगाव, खरसुंडीच्या यात्रांत जातिवंत जनावरांची पारख करणारी माणसं अजून आहेत. पशुसंवर्धन विभागाने त्यांना पंचांच्या शेजारी बसवावं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आंध्रात ओंगोल बैलांकडून मोठाले दगड ओढवून घेण्याच्या स्पर्धा होतात. ताकद मोजायला निघालो, तर आपणही तिकडे जाऊ. बैल म्हणजे इंजिन नव्हे. जळालेला भाग बदलून तो पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून मी अधिकाधिक ओझ्याची स्पर्धा मागत नाही. ओझं सगळ्यांना सारखं आणि कायद्याच्या मर्यादेच्या खूप आत असावं, आणि कस लागावा तो ते नेण्याच्या सहजतेचा. ज्याच्यावर चाबूक उगारावा लागला नाही आणि जो धावेनंतर लवकर सावरला, तो बैल वरचा. असं झालं तर प्राण्यांविषयीची करुणा आणि शर्यतीची ईर्ष्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहणार नाहीत.

ईर्ष्या काढून टाकता येणार नाही, आणि ती काढावी असंही मला वाटत नाही. ट्रॅक्टरने बैल घरातून घालवला, तेव्हा त्याला परत आणलं ते गावागावांतल्या ईर्ष्येनेच. पण तिला आंधळी सोडली, तर वीसतीस वर्षांत आपल्या मैदानांत पळणारा बैल नावाचाच खिलार राहील: वेग असलेला, खांदा नसलेला. माणदेशच्या शेतकऱ्यांनी दुष्काळांतून जपलेलं ते रक्त नियमांच्या चार ओळी लिहायच्या राहिल्या म्हणून गमावणं, हा आपला करंटेपणा ठरेल. आयोजकांनी, मालकांनी आणि सरकारने येत्या हंगामाच्या आधी एकत्र बसावं आणि त्या ओळी लिहाव्यात. पहिल्या बक्षिसाला कोणती मोटार ठेवायची, हे त्यानंतर ठरवता येईल.