गाईड मिटा, मास्तर!

पोरांना कविता कळत नाही, ही तक्रार घेऊन पुन्हा माझ्याकडे येऊ नका. स्टाफरूममध्ये चहा पितापिता तुम्ही ती इतक्या वेळा केली आहे की आता ती तुम्हालाच खरी वाटायला लागली आहे. मी दहावीच्या इंग्रजीच्या वह्या उघडून बघितल्या. पोरांचं राहू द्या, कविता तुम्ही शिकवलीत कुठं? फळ्यावर तीन व्याख्या लिहिल्यात, पोरांनी त्या उतरवून घेतल्या, खाली लाल शाईनं तुमची सही. सिमिली म्हणजे 'लाइक' किंवा 'ॲज' घालून केलेली तुलना. मेटाफर म्हणजे 'लाइक' नि 'ॲज' न घालता केलेली तुलना. पर्सॉनिफिकेशन म्हणजे निर्जीवाला सजीव करणं. झाली कविता! मग एखादं पोरगं 'आय लाइक मँगोज' या वाक्याखाली रेघ ओढतं, पुढं 'सिमिली' लिहितं आणि तुम्ही ते वर्गात वाचून दाखवून हसता. कुणाला हसता? त्यानं तुमचा नियम तंतोतंत पाळला आहे. 'लाइक' दिसलं की सिमिली, एवढंच तुम्ही त्याला दिलं होतंत.

तुमची दुसरी सबबही मला पाठ आहे. 'सर, ही भैंसा गावची पोरं. घरात मराठी, रस्त्यावर उर्दू, सरकारी कागद तेलुगूत. त्यात इंग्रजीची कविता उतरायची कशी?' ही सबब सांगताना तुम्हाला जरा तरी संकोच वाटायला हवा होता. आज तेलंगणात असलेलं हे गाव १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होतं. राज्यांची भाषावार फेरमांडणी झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कलं आदिलाबादला जोडली गेली आणि आदिलाबादचं किनवट तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं. २०१६ मध्ये पुन्हा जिल्हा बदलला, निर्मल झाला. दरवेळी पाट्या बदलल्या, घरातली बोली तशीच राहिली. म्हणून या गावचं पोरगं तीन भाषा कानावर घेऊन वर्गात येतं. २०१८ च्या कायद्यानं तेलुगू शाळेत सक्तीची झाल्यापासून तेलुगू कवी वेमना त्याला ठाऊक असतो. मीठ नि कापूर दिसायला सारखे, चव घेतल्यावर कळतं कोण कोण ते, हे त्यानं तेलुगूच्या तासाला ऐकलेलं असतं. शेजारच्या उर्दू शाळेतलं पोरगं तश्बीह म्हणजे उपमा आणि इस्तेआरा म्हणजे रूपक यांत फरक करायला शिकतं. मराठी घरातल्या पोरानं एकनाथांच्या भारुडातला विंचू ऐकलेला असतो, आणि तो विंचू म्हणजे कामक्रोध, हे त्याला कुणी वेगळं समजावत बसत नाही. एवढं भांडवल घेऊन बसलेल्या वर्गाला तुम्ही 'कमकुवत' म्हणता.

कापसाच्या हंगामात एकदा मार्केट यार्डात जाऊन नुसते उभे राहा. भाव चढला, भाव पडला, बाजार झोपला, पावसानं दगा दिला, कापसानं हात दिला. तिथं गाडीवर बसलेलं तुमच्याच वर्गातलं पोरगं हे सगळं ऐकतं आणि बोलतंही. एप्रिलमध्ये त्याची आजी म्हणते, ऊन मी म्हणतंय. उन्हाला 'मी' म्हणायला लावणारी ही म्हातारी शाळेत गेलेली नसेल, पण निर्जीवाला सजीव कसं करायचं आणि का करायचं, हे तिला तुमच्या गाईडपेक्षा जास्त कळतं. उन्हाचा गर्व, त्याचा दांडगेपणा तिला दाखवायचा आहे. तिचं वाक्य फळ्यावर लिहा, पोरांना विचारा की 'ऊन फार आहे' म्हटलं असतं तर काय गेलं असतं. दहा मिनिटांत वर्ग तुमच्या हातात येईल. ते करायचं सोडून तुम्ही व्याख्येपासून सुरू करता आणि व्याख्येपाशीच संपवता.

अलंकारांची यादी करण्याची हौस तशी आपल्याकडं जुनीच. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले. अप्पय दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत ही संख्या शंभराच्या वर गेली. पण मधल्या काळात, नवव्या शतकात, काश्मिरात आनंदवर्धनानं बजावून ठेवलं होतं की काव्याचा प्राण ध्वनीत आहे, अलंकारानं त्याच्या सेवेत राहायचं. तुम्हाला हे एम. ए.ला नव्हतं? असेल, तर पेपरपुरतं असेल.

आता त्या कवितेवर येतो जिच्यामुळं मला ही कानउघाडणी करावी लागते आहे. तेलंगणाच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात इम्तियाझ धारकर यांची 'अनदर वुमन' आहे. तुमच्यातल्या एकानं ती 'स्वतः वाचा' म्हणून सोडून दिली. दुसऱ्यानं मराठीतून गोष्ट सांगितली, 'हुंड्यासाठी बाईला जाळलं, ते वाईट आहे', आणि पाच ओळींचा सारांश डिक्टेट केला. ही कविता त्यांच्या 'पर्दा' या संग्रहातली, १९८९ ची. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. पंचवीस वर्षांनी तो पुरेना म्हणून १९८६ मध्ये हुंडाबळीसाठी दंडसंहितेत ३०४-ब हे कलम घालावं लागलं. त्या दिवसांत वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका' ही बातमी इतकी नित्याची होती की लोक पान उलटत. कवितेच्या नावातली ती 'आणखी एक' बाई तिथून आली आहे. हे तुम्ही सांगितलंत का? नाही.

बरं, अलंकार तरी शिकवलात? ती बाई सकाळी बाजारातून मेथी आणते. घरी आल्यावर रोजचेच शब्द तिच्यावर येऊन आदळतात, आणि कवयित्री त्या शब्दांना पंख देते. पोरांच्या वहीत तिथं 'मेटाफर' लिहिलं आहे, तुमची बरोबरची खूण आहे, आणि पुढं पान कोरं आहे. अहो, काम तर तिथून सुरू होतं! पंखच का? दगड का नाहीत? शिव्या दगडासारख्या लागतात असं आपण म्हणतोच की. पोरांना विचारा आणि गप्प बसा. कुणी म्हणेल, बंद खोलीत पाखरू शिरलं की असंच धडका घेतं. कुणी म्हणेल, दगड एकदाच लागतो, पंख फडफडत राहतात. दोन्ही बरोबर. मग थोडं पुढं न्या. स्टोव्हवरच्या भांड्याला ज्वाळा भिडते तिथं पुन्हा पंख आला आहे. तोंडातून आलेल्या शब्दांना आणि स्टोव्हच्या आगीला एकच पंख! रॉकेल अजून कुणी उचललेलं नाही, पण ती आग कुठून निघाली आहे हे कवितेनं आधीच सांगून टाकलं आहे. वर्गातल्या एका तरी पोराला हे स्वतःचं स्वतः दिसलं, तर त्याला मेटाफर म्हणजे काय हे जन्मात विसरता येणार नाही. आणि तुम्ही त्याला काय दिलंत? एक शब्द आणि एक खूण.

तो मुळा तर तुम्ही बघितलाच नाहीत. बाजारात ती एक पांढरा मुळा उचलते, दाताखाली तो कसा करकरेल याची मनात चव घेते, आणि ही चैन नको म्हणून परत ठेवते. इथं उपमा नाही, रूपक नाही, गाईडवाल्याला रेघ ओढायला काही नाही. म्हणून तुम्ही पुढं गेलात. सगळ्या कवितेत माझ्या मते सर्वांत जीवघेणी जागा तीच आहे. मेथीची जुडी आणि मुळे घेऊन बसलेल्या बायका इथल्या प्रत्येक पोरानं पाहिल्या आहेत, त्यांच्यापाशी पदराची गाठ सोडून नाणी मोजणारी आपली आई पाहिली आहे. कवितेत अलंकार शोधायला पाठवलेलं पोर अलंकार नसलेल्या जागेवरून आंधळ्यासारखं जातं, हा त्या पोराचा दोष आहे असं मला कुणी सांगू नये.

आणि शेवट. आच लागते म्हणून आधी ती बाई तोंड आड करते. शेवटी आच लागते म्हणून तोंड लपवतो ते आपण. कवितेत आतापर्यंत नसलेले 'आपण' एकाएकी येऊन उभे राहतात. मुली इथं गप्प होतात. तुम्ही घाबरलात म्हणूनच कविता सोडलीत, असा माझा दाट संशय आहे. वर्गात शांतता पसरली की तुम्हाला वाटतं तास फसला.

त्याच पुस्तकात 'द स्टोरीड हाउस' आहे. ती गोष्ट वामन होवाळांची, मूळ मराठीतली. भैंसा गावातल्या मराठी मुलांच्या इंग्रजी पुस्तकात एक मराठी लेखक बसला आहे, आणि हे वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं? मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला बयाजी पुंजी घेऊन गावी येतो, वाड्याच्या बरोबरीचं घर बांधू नको म्हणून पाटील दटावतो, तरी तो बाहेरून साधं दिसणारं आणि आत माडी लपवलेलं घर बांधतो. ते घर जाळलं जातं. त्या आगीत बयाजी जातो, आणि पोरं पुन्हा पाया खणायला घेतात, आता दोन मजल्यांसाठी. ती माडी नुसतीच माडी आहे का? वाड्यापेक्षा उंच होण्याची बंदी ज्यांना, त्यांनी उंची आत नेऊन लपवली. कवितेतल्या ओळीत जे रूपक असतं ते इथं विटामातीचं बांधून दाखवलं आहे. तुम्ही मात्र 'बयाजी वॉज अ डॉक वर्कर' यापासून सुरुवात करून पात्रांची नावं पाठ करून घेतलीत.

त्याच पुस्तकातल्या गॅब्रिएल ओकारांच्या 'वन्स अपॉन अ टाइम' या कवितेबद्दल फार बोलत नाही. नायजेरियातला बाप मुलाला सांगतो की मी कपडे बदलावेत तसे चेहरे बदलायला शिकलो आहे. पोरांना एवढंच विचारायचं होतं की बापाचा चेहरा अडत्यापुढं कसा होतो, बँकेत कसा होतो, घरी कसा होतो. नायजेरिया भैंसा गावात आला असता.

'मार्कांचं काय?' ही तुमची शेवटची सबब. पाठ केलेलं उत्तर प्रश्न थोडा फिरवला की कोसळतं, हे तुम्ही दरवर्षी बघता. ज्या पोरानं पंख का याचा एकदा विचार केला आहे, ते न पाहिलेल्या कवितेपुढंही हात टेकत नाही. त्याचं इंग्रजी मोडकं असेल. असू द्या. 'बिकॉज वर्ड्स ॲण्ड फायर सेम' असं लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देईन, आणि शुद्ध व्याकरणात, गाईडमधला सारांश जसाच्या तसा उतरवणाऱ्याचे कापीन. व्याकरण पुढच्या तासाला सुधारता येतं.

आणि ते मराठीतून सांगण्याबद्दल. वर्गात मराठी बोलायला माझी हरकत नाही. चर्चा मराठीत करा, उर्दूत करा, तेलुगूत करा. कविता मात्र इंग्रजीतच कानावर पडली पाहिजे, मोठ्यानं, दोनदा, मध्ये न थांबता. तुमच्यापैकी किती जण कविता मोठ्यानं वाचतात? तुमचे उच्चार पोरं हसतील म्हणून वाचत नाही ना? हसू द्या. घरी आरशासमोर वाचून या. पगार कविता चुकवायचा मिळत नाही.

सोमवारी सगळ्यांनी 'अनदर वुमन' पुन्हा घ्यायची आहे. फळ्यावर एकही व्याख्या लिहायची नाही. टेबलावर गाईड दिसता कामा नये. आधी दोनदा वाचन, मग मुळ्याबद्दल प्रश्न, मग पंखांबद्दल, आणि अलंकाराचं नाव सांगायचं झालंच तर तास संपताना. मी मागच्या बाकावर येऊन बसणार आहे.