पाहणारा, भोगणारा आणि मधली दोन नावं

आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक २२ (काही प्रतींत हा २३वा आहे)



आजच्या श्लोकात भगवंत देहात राहणाऱ्या परम पुरुषाची नावं सांगतात. पहिलं नाव उपद्रष्टा, म्हणजे जवळ राहून पाहणारा. दुसरं अनुमन्ता, म्हणजे संमती देणारा. तिसरं भर्ता, म्हणजे पोसणारा, भार वाहणारा. चौथं भोक्ता, म्हणजे अनुभव घेणारा. पुढे महेश्वर आणि परमात्मा अशीही नावं येतात, पण आज मी पहिल्या चारांपाशीच थांबतो.

श्लोक परमात्म्याविषयी आहे, सिनेमा बघत बसणाऱ्या कॉलेजच्या पोराविषयी नाही, हे मला कळतं. पण जो सगळ्यांच्या आत बसला आहे असं आपण म्हणतो, त्याची लक्षणं थोडी तरी आपल्या वागण्यात उतरावीत, एवढं मागायला हरकत नसावी. म्हणून आज हा श्लोक मी माझ्या रोजच्या एका सवयीवर ठेवून बघतोय. ती सवय म्हणजे पिक्चर आणि मालिका पाहण्याची. मी अकोल्याचा, शिकायला अमरावतीला. रूमवर आम्ही चौघं आहोत आणि लॅपटॉप एकच. रात्री जेवण झालं की काहीतरी लागतंच. कोणी हसतं, कोणी डोळे पुसतं, कोणी अर्ध्यातच झोपतं. प्रश्न डोळे पुसण्याचा आहे. पडद्यावरचं दुःख पाहून जे रडू येतं, त्याची किंमत काय? ती करुणा म्हणायची, की नुसती करमणूक?

मागे आम्ही 'गाभ्रीचा पाऊस' पाहिला. सतीश मनवर यांचा २००९ सालचा चित्रपट, आपल्या विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची गोष्ट. गावातला एक शेतकरी जीव देतो आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या, मनात भीती बसते की आपला नवराही तसंच काही करील. ती आपल्या लहान मुलाला बापाच्या मागे मागे राहायला सांगते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही दोघं अशी उभी केली आहेत की शेजारच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा.

तो पोरगा बापाच्या मागे चालतो, त्या प्रसंगाला आमच्यातला एक जण उठून बाहेर गेला. दर्यापूरकडचा आहे, नाव सांगत नाही. थोड्या वेळानं मी गॅलरीत गेलो. तो म्हणाला, "आमच्या घरी हे काम माह्याकडं होतं. आठवीत होतो तवा. मायनं सांगून ठेवलं होतं, बाबा वावरात गेला का तू बी जाय. शाळा बुडली तं बुडू दे."

मी विचारलं, "आता बाबा कसे आहेत?"

"हायेत ना. तुरीत हायेत." एवढं बोलून तो आत आला आणि पाणी प्यायला. आम्ही पिक्चर बंद केला नाही, त्यानंच करू दिला नाही.

त्या रात्री आमच्यापैकी तिघांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ज्याची ती गोष्ट होती त्याच्या डोळ्यांत नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

हा प्रश्न काही आजचा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टिन यांनी आपल्या आत्मकथनात तो मांडला आहे. तेही तेव्हा विद्यार्थीच होते, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात. नाटकांचं भारी वेड. पुढे मागे वळून पाहताना ते विचारतात की ही कसली दया? प्रेक्षकाला कोणी मदतीला बोलावत नाही, फक्त दुःख करायला बोलावतात. आणि रडू आलं नाही तर तोच प्रेक्षक पैसे वाया गेल्यासारखा कुरकुरत घरी जातो. वाचल्यावर मला आमची रूमच आठवली. 'एवढा काही इमोशनल नव्हता बे' हे वाक्य आम्ही किती वेळा म्हणतो!

पण आपल्याकडच्या जाणत्यांनी याची दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे. भरतमुनींनी करुण हा रस मानला. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी समजावलं की रंगमंचावरचा शोक ना माझा असतो ना शेजाऱ्याचा, तो सगळ्यांचा होतो, आणि म्हणूनच मन तेवढ्यापुरतं 'मी'पणातून सुटतं. जुन्या काव्यशास्त्रात रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सख्खा भाऊ म्हटलं आहे. म्हणजे रडू येणं खोटं नाही आणि हलकंही नाही. दोन तास का होईना, मी माझी परीक्षा, माझा पैसा, माझी भांडणं विसरून दुसऱ्याच्या घरात राहून आलो. हे थोडं नाही.

मग अडतं कुठं? माझ्या मते आजच्या श्लोकाच्या क्रमात ते सापडतं. पडद्यासमोर बसलेला माणूस पाहणारा असतो आणि लगेच भोगणारा होतो. पाहिलं, रडलो, बरं वाटलं, झोपलो. मधली दोन नावं, अनुमन्ता आणि भर्ता, गाळूनच टाकतो. श्लोकात मात्र भोक्ता चौथा आहे. आधी संमतीचा हिशेब, मग भार वाहणं, मग भोग.

आधी संमतीचं पाहू. 'आपण तर नुसतं पाहतो' असं म्हणणं सोपं आहे. पण आपण पाहतो म्हणूनच ती गोष्ट चालते. संध्याकाळच्या मालिकेत कारस्थान करणारी सासू सहा महिने जिंकत राहते, कारण तेवढे महिने घराघरांत टीव्ही चालू राहतो. २०१९ साली 'कबीर सिंग' आला. त्यातला नायक मेडिकल कॉलेजात भर वर्गात जाऊन, तिला न विचारता, एक मुलगी आपली आहे असं जाहीर करून टाकतो. त्यावर शिट्ट्या वाजल्या. पिक्चर वाईट म्हणून बंद करा असं मी म्हणत नाही, गाणी मलाही आवडतात. पण प्रत्येक शिट्टी ही एक छोटी सही असते. आपल्या वर्गातल्या मुलींना ती ऐकू जाते. कशावर आपण सही करतोय, हे पाहता पाहताच स्वतःला विचारता येतं. त्यासाठी पिक्चर अर्ध्यात थांबवावा लागत नाही.

आता भर्ता. हे नाव मला आमच्या आजीमुळे कळलं. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शननं रामानंद सागर यांचं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मी नववीत होतो, लॉकडाऊन होता, परीक्षा रद्द झाली ती झालीच. आजीनं ही मालिका १९८७ सालीही पाहिली होती. तरी सकाळी नवाच्या आत अंघोळ, टीव्हीपुढं उदबत्ती आणि हात जोडून बसणं. आम्ही नातवंडं हसायचो, की आजी, तो अरुण गोविल आहे. ती म्हणायची, "मले ठाऊक हाये. मी त्याच्या पाया नाही पडत, रामाच्या पडतो."

आमच्या घराजवळून मुंबई-नागपूर महामार्ग जातो. त्या एप्रिलात त्या रस्त्यानं माणसं पायी चालली होती, डोक्यावर बोजे, कडेवर लेकरं, नागपूर आणि त्याहून पलीकडे छत्तीसगडकडं. एपिसोड संपला की आजी चुलीशी बसायची आणि ज्वारीच्या भाकरी थापायची. त्यावर ठेचा नाहीतर बेसन घालून पुडके बांधायची. काका ते रस्त्यावर नेऊन द्यायचे. तिनं कधी सांगितलं नाही की हे आणि ते जोडलेलं आहे. वनवासाला निघालेली माणसं टीव्हीवर पाहायची आणि मग रस्त्यावरच्यांना भाकर पाठवायची, एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं की नाही, मी पाहिलं नाही. भाकरी मात्र मोजल्या होत्या, रोज चाळीस.

आणि आपल्या मातीत या विषयावर बोलायचं तर गाडगेबाबांशिवाय कसं चालेल? शेणगावला जन्मलेले, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ देह ठेवला, समाधी अमरावतीत. ज्या विद्यापीठाचा मी विद्यार्थी आहे त्यालाही त्यांचंच नाव. बाबांचं कीर्तन हा एका अर्थानं प्रयोगच होता. हजारो माणसं जमायची, हसायची, रडायची. पण बाबा गावात आल्यावर आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि कीर्तन रात्री. कीर्तनातही एकटे बोलायचे नाहीत, आपल्या वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर वदवून घ्यायचे. म्हणजे नुसतं पाहणाऱ्याला संमती द्यायला लावायचे. कोणी पाया पडायला आलं तर काठी उगारायचे. आणि कीर्तनानंतर मागं काय उरायचं? धर्मशाळा, घाट, शाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी, शिवाय मुंबईत दवाखान्यात आलेल्या गरिबांच्या नातेवाइकांसाठी राहायची सोय. ऐकणाऱ्यांचे अश्रू बाबांनी विटा-चुन्यात घातले, असं मला वाटतं.

त्यांच्यावरचा 'देवकीनंदन गोपाला' हा राजदत्त यांचा चित्रपट १९७७ सालचा. बाबांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. लागू देव न मानणारे, देवाला आता रिटायर करा असं उघड लिहिणारे. आणि तेच बाबा म्हणून समोर आले की देव मानणाऱ्यांचे हात जोडले जातात! माझे जोडले गेले. याचा अर्थ लावताना आधी गडबडायला होतं. मग वाटलं, बाबांनी तरी कुठं माणसाचा हिशेब देव मानण्यावर केला होता? याच लागूंनी पुढे सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले, का तर पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्यांना दर महिन्याला चार पैसे मिळावेत. नाटक पाहून लोक हसले आणि त्या तिकिटातून कोणाची तरी चूल पेटली. भर्ता हे नाव देव न मानणाऱ्यालाही शोभतं. आपल्याला शोभतं का, हे आपण पाहायचं.

आता पुन्हा पहिल्या नावाकडे जाऊ, कारण मला वाटतं उत्तर तिथंच आहे. श्लोकात नुसतं 'द्रष्टा' नाही. 'उपद्रष्टा' आहे. 'उप' म्हणजे जवळ. आठवीतला तो पोरगा वावरात बापाच्या मागे चालत होता, तेव्हा तोही फक्त पाहतच होता. त्याच्याकडे पैसा नव्हता, कर्ज फेडायची ताकद नव्हती, समजावायला शब्द नव्हते. पण तो जवळ होता. त्याचं पाहणंच बापाला धरून होतं. तिथं पाहणारा आणि भार वाहणारा हे दोन वेगळे राहिलेच नाहीत. पडदा आपल्याला दुःख दाखवतो, पण जवळ नेऊ शकत नाही. ते 'उप' आपल्यालाच लावावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, पाहिलेल्या प्रत्येक दुःखामागे कसं धावायचं? मोबाईलवर दिवसाला पन्नास दुःखं येतात. खरंय. सगळ्यांच्या मागे धावलो तर वेडे होऊ, आणि कोणाच्याच मागे गेलो नाही तर मन निबर होईल. मला एवढंच कळलं आहे की गोष्ट कुठलीही असो, इराणची, कोरियाची, नाहीतर मराठवाड्याची, तिनं डोळ्यांत पाणी आणलं की तसाच माणूस माझ्या हाताच्या अंतरावर कोण आहे, हे शोधायचं. बहुतेक वेळा असतो. आमच्या बाबतीत तो त्याच रूमवर, बाजूच्या गादीवर झोपत होता. वेचणीच्या दिवसांत तो आठ-आठ दिवस घरी जातो आणि त्याचे प्रॅक्टिकल बुडतात. आता आम्ही तिघं त्याच्यासाठी नोट्स काढून ठेवतो आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या तारखा लक्षात ठेवतो. फार मोठं काही नाही. त्यानं आभार मानले नाहीत आणि तेच बरं वाटलं.

आजचा संकल्प: या आठवड्यात जो पिक्चर किंवा जी मालिका पाहाल, ती मनापासून पाहा. रडू आलं तर लाजू नका. मग झोपण्याआधी एकच प्रश्न विचारा, यातलं माझ्याजवळ कोण आहे? नाव आठवलं तर उद्या त्याला फोन करा.

हे नारायणा, तू आमच्या आत बसून सगळं पाहतोस आणि तरी आम्हाला रोज पोसतोस. तुझं थोडंसं पाहणं आम्हाला दे. दुःख पाहून आमचे डोळे ओले होऊ दे, आणि हात कोरडे राहू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.