प्रकाशाकडे तोंड करून

चिंतन : मत्तय ५:१४-१६ आणि ६:१-४



मिरचीच्या हंगामात आपल्या धर्माबाद परिसरात लाल मिरची उन्हात पसरलेली असते. मावळत्या सूर्याकडे कॅमेरा धरून तिचा फोटो काढला, तर डोळ्यांना न दिसलेले काहीतरी त्यात उमटते. कधी तिरप्या रेषेत प्रकाशाची लहानमोठी वर्तुळे, तर कधी साऱ्या चित्रावर पांढुरके धुके. छायाचित्रकार याला ‘लेन्स फ्लेअर’ म्हणतात. लेन्समध्ये एकामागे एक अशा अनेक काचा असतात. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, काचांमध्ये इकडेतिकडे आदळतो आणि चित्रावर भलतीकडेच पडतो. तो टाळण्यासाठी लेन्सवर लेप देतात, पुढे हूड लावतात आणि सूर्य पाठीशी ठेवायला शिकवतात.

पण १९५० साली अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ या जपानी चित्रपटात छायालेखक काझुओ मियागावा यांनी झाडाच्या पानांतून कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला. जे टाळायचे, तेच सौंदर्य ठरले.

यातून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट, प्रकाशासमोर गेल्यावरच काच कशी आहे ते कळते. सूर्य पाठीशी असताना लेन्सवरचा बोटाचा डाग सहसा लक्षात येत नाही. सूर्य समोर आला की तोच डाग चित्रभर पसरतो. प्रभूकडे पाठ करून जगताना आपणही स्वतःला स्वच्छ समजतो. प्रार्थनेत त्याच्यासमोर आलो की मनातले डाग दिसू लागतात. म्हणून तोंड फिरवू नये, काच पुसावी.

दुसरी गोष्ट, प्रमाण. २००९ सालच्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी हा परिणाम इतका वापरला की पुढे त्यांनी स्वतःच तो अतिरेक मान्य केला. जाणता छायाचित्रकार सूर्याला लिंबाच्या फांदीआड अर्धा झाकतो, पाऊलभर सरकतो आणि फ्लेअर माणसाच्या चेहऱ्यावर येणार नाही याची काळजी घेतो.

तिसरी गोष्ट आपल्याला अधिक बोचणारी आहे. आपण गरजूंना धान्य, वह्या, ब्लँकेटे देतो आणि लगेच मोबाईल पुढे करतो. त्या फोटोत झळकते कोण? देणारे आपण हसत असतो, घेणाऱ्या माउलीची मान खाली असते. आपला प्रकाश लोकांसमोर पडावा, असे प्रभू सांगतो. आणि दानधर्म दिखाव्यासाठी करू नका, असेही तोच सांगतो. यात विसंगती नाही. फ्लेअरमधला प्रकाश काचेचा नसतो, सूर्याचा असतो. आपल्या सत्कृत्यांतला प्रकाशही स्वर्गीय पित्याचा आहे. लोकांची नजर त्याच्याकडे वळली तर ते सौंदर्य. आपल्याच झगमगाटात भावाबहिणीचा चेहरा पुसला गेला तर तो दोष.

म्हणून या आठवड्यात आपण एक निश्चय करू या. कुणाला मदत करताना त्याचा फोटो काढायचा नाही. त्याचे नाव विचारू या, दोन शब्द बोलू या, त्याचा चेहरा मनात ठेवू या.

हे प्रभू, आम्हांला तुझ्याकडे तोंड करून उभे राहण्याचे धैर्य दे. आमच्या काचेवरचे डाग पूस आणि आमच्यामुळे कुणाचाही चेहरा झाकला जाऊ देऊ नकोस. आमेन.